तिसरी पिन

चौसाळ्याच्या बसस्टँडसमोर ईश्वरप्पांचं दुकान होतं. दारावरच्या पत्र्यावर ‘रेडिओ, टेप, टीव्ही दुरुस्त होतील’ एवढंच रंगवलेलं, आणि त्याखाली कुणा टवाळानं खडूनं ‘झाले तर’ असं जोडून ठेवलेलं. ईश्वरप्पांनी ते कधी पुसलं नाही. टवाळाचं लिहिलेलं पुसलं की त्याला आणखी चेव येतो, असं त्यांचं म्हणणं. मोडेन पण वाकणार नाही ही म्हण आपण शाळेत पाठ करतो. चौसाळ्याच्या पोरांना ती समोर बसलेलीच दिसायची.

आई-बाप लवकर गेले तेव्हा धाकटा योगीराज अजून चड्डीत होता. ईश्वरप्पांनी त्याला न्हाऊ-माखू घालून वाढवलं. स्वतःचं लग्न केलं, पण शांतादेवी दुसऱ्याच वर्षी तापानं गेल्या. नातेवाइकांनी पुन्हा स्थळं आणली तर हे म्हणाले, घरात योगी आहे की, आणखी माणसं कशाला. पुढे योगीचं लग्न झालं, वर्षाराणी घरात आली, शिवानीचा जन्म झाला आणि ओसरीवर दिवसभर कालवा सुरू झाला. सकाळी दोघे भाऊ अंघोळ करून शेजारी शेजारी बसत, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करत आणि कपाळाला भस्म लावून बरोबरच दुकानात येत. दुकानात एकच लांब टेबल होतं. एका बाजूला थोरला, समोर धाकटा आणि मधे उघडं पडलेलं एखाद्या रेडिओचं पोट. दिवसभरात दोघांत फारसं बोलणं होत नसे आणि त्याची उणीव दोघांनाही भासत नसे. दुकानामागच्या परसात योगीनं हौसेनं पपई लावली होती. माती अशी मऊ की लोण्यात सुरी जावी तशी कुदळ आत गेली, हे तो आल्या-गेल्याला सांगायचा.

मग ती वर्षं आली. देशाचे दरवाजे उघडले असं पेपरात छापून यायचं. चौसाळ्याला ते कळलं रंगीत टीव्ही आल्यावर आणि हायवेच्या कडेला एस.टी.डी.चे पिवळे बूथ उभे राहिल्यावर. या नव्या यंत्रांच्या पोटात जुन्या रेडिओसारखे ढोबळ भाग नव्हते. मुंगीसारखे बारीक पाय असलेल्या काळ्या आयसी होत्या. जुन्या जाड सोल्डरिंग आयर्ननं त्यांना कथिलाचा डाग द्यायचा म्हणजे कुऱ्हाडीनं दाढी करण्यातला प्रकार. योगीचं मत पडलं की आता आपण सोल्डरिंग स्टेशन घ्यायला हवं, जपानी, अस्सल. म्हणजे एक लहानसा जड डबा, त्याच्या तोंडावर उष्णता कमी-जास्त करायची चकती, आणि डब्याला जोडलेलं पेनासारखं बारीक आयर्न. ईश्वरप्पांनी बरेच दिवस नाही-नाही केलं आणि शेवटी हो म्हणाले. तेही असं म्हणाले की जणू कल्पना त्यांचीच होती.

योगी मुंबईला गेला. अस्सल मालाचं दुकान शोधायला त्यानं सबंध बाजार पालथा घातला, आणि परतीच्या एस.टी.त तो डबा तान्ह्या लेकरासारखा मांडीवर घेऊन आला. दुकानात डबा ठेवला आणि अंघोळीला घरी गेला. आता ईश्वरप्पांना कुठला दम निघतो. त्यांनी वायर उलगडली तर प्लगला तीन पिना, आणि टेबलामागचा लाकडी बोर्ड त्यांनी स्वतःच्या हातानं केलेला, दोन भोकांचा. त्यांनी हॅक्सॉ ब्लेड घेतलं, वरची जाड पिन कापून टाकली आणि प्लग बोर्डात दाबून बसवला. यात आपण काही वावगं केलं असं त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. आपल्याकडे तिसऱ्या पिनेशी सगळ्यांचंच वैर. मिक्सर आणा, कूलर आणा, इस्त्री आणा, ती पिन आधी कापायची. नाहीतर नुसत्या वायरी खुपसून वर काडेपेटीच्या काड्या ठोकायच्या. ही पिन कंपनीवाले उगीच देतात अशी लोकांची समजूत, आणि दिवे लागत असल्यावर समजूत बदलायचं कुणाला काय पडलंय. योगी अंघोळ करून आला तोवर स्टेशन तापलेलं होतं, आणि प्लग टेबलामागे अंधारात होता.

पहिल्या महिन्यातच घोळ सुरू झाला. आप्पारावांच्या टेपचा डाग सुरेख बसला, पण टेप मुका तो मुकाच. एका टीव्हीची आयसी बदलली, तीही गेली. मग एस.टी.डी. बूथवाल्या बंकटशेठच्या, फोनचं बिल दाखवणाऱ्या मीटरचं सबंध बोर्ड मेलं. सकाळपर्यंत त्याचा एकच आकडा उमटत नव्हता, संध्याकाळी सगळेच गेले. बंकटशेठ मीटर बगलेत मारून दुकानात आला, त्याच्या मागोमाग आप्पाराव आले, आणखी दोघं-तिघं रिकामटेकडे आले. ईश्वरप्पांनी सगळ्यांदेखत टेस्टर काढला आणि स्टेशनच्या आयर्नच्या टोकाला टेकवला. टेस्टरमधला दिवा मिणमिणता पेटला.

ईश्वरप्पांना तेवढा पुरावा बस झाला. जपानी माणूस टोकाला करंट मारणारं यंत्र करील काय, असं त्यांनी जमलेल्यांनाच विचारलं. डुप्लिकेट माल गळ्यात मारून घेतलास आणि वर मला अस्सल म्हणून सांगितलंस, असं भावाला सुनावलं. योगी वाकला, टेबलामागे हात घालून त्यानं प्लग ओढून काढला आणि हातात धरून बघत राहिला. मग थोरल्या भावाकडे बघितलं. मग जमलेल्या माणसांकडे. मग प्लग हळूच खाली ठेवला.

“बरं, अण्णा,” तो म्हणाला. “डुप्लिकेट आसंल.”

एवढ्यावर थांबले असते तर ते ईश्वरप्पा कसले. ज्याला अस्सल-नक्कल कळत नाही त्यानं माझ्या टेबलाला बसू नये, हे वाक्य त्यांच्या तोंडून गेलं, आणि तोंडातून गेलेलं वाक्य ते कधीच परत घेत नसत. दुसऱ्या आठवड्यात योगीनं बायको-पोरीला घेऊन बीड गाठलं आणि तिथे एका बोळात छोटं दुकान टाकलं. ईश्वरप्पांनी स्टेशन गोणपाटात गुंडाळून माळ्यावर फेकलं आणि ठरवलं की दिवाळीला येईल झक मारत.

दिवाळीला योगी आला नाही. ओळखीच्या कंडक्टरबरोबर वर्षाराणीनं पाठवलेला फराळाचा डबा आला. आलेला डबा रिकामा परत धाडू नये, चिमूटभर साखर का होईना घालावी, हे आपल्याकडे लेकरांनाही ठाऊक असतं. ईश्वरप्पांनी फराळ खाल्ला, डबा घासला, पुसला आणि रिकामा परत पाठवला. पुढच्या दिवाळीला डबा आला नाही.

तेव्हापासून ईश्वरप्पा एकटे झाले. सकाळी पूजेला बसले की शेजारची जागा तशीच सोडायचे, आणि आपण ती सोडली हे ध्यानात आलं की स्वतःवरच चिडायचे. भाकरी एका बाजूनं करपायची. दुकानात टेबलाच्या समोरच्या बाजूला कुणी रेडिओ ठेवला तर उचलायला लावायचे. तिकडे उजेड नीट पडत नाही म्हणायचे. उजेड सगळा तिकडूनच यायचा. दुरुस्त झालेला रेडिओ गिऱ्हाईक घेऊन गेलं की दुकान इतकं गप्प व्हायचं, की हे बिघडलेल्या सेटची खरखर मुद्दाम चालू ठेवायचे. त्यांना योगीची आठवण यायची, रोज यायची, हे मीच सांगून टाकतो, कारण त्यांनी ते मरेपर्यंत सांगितलं नसतं. ते सांगायचे ते वेगळंच. गिऱ्हाईक नवं असो की जुनं, ही गोष्ट ऐकल्याशिवाय त्याची सुटका नसे. “प्लग हातात धरून मुकाट उभा ऱ्हायला बगा,” असं म्हणून शेवटी ते ठेवणीतली म्हण काढायचे, चोराच्या मनात चांदणं. आपलंच बरोबर होतं हे जगाला सांगत राहिल्याशिवाय त्यांना त्या घरात झोप लागली नसती.

वर्षं गेली. शिवानी मोठी झाल्याचं कुणाकुणाकडून कानावर आलं. परसातली पपई वाळली, ती त्यांनी उपटली नाही.

मग एका उन्हाळ्यात धुळाजी नावाचा फिरता विक्रेता स्कूटरवर खोकी बांधून आला. स्वस्तातलं सोल्डरिंग स्टेशन विकत गावोगाव फिरत होता. माणूस बोलका आणि प्रामाणिक. माल डुप्लिकेट आहे हे आधीच सांगून टाकायचा, म्हणजे नंतर शिव्या नकोत. ईश्वरप्पांनी त्याला चहा पाजला आणि आपली गोष्ट ऐकवली. चोराच्या मनात चांदणंपर्यंत आल्यावर त्यांना स्फुरण चढलं. म्हणाले, असलंच एक नकली माळ्यावर पडलंय, दोन्ही उघडून शेजारी ठेवतो, एका आईची लेकरं आहेत का नाही बघ.

एवढ्या वर्षांत त्यांनी तो डबा उघडून बघितला नव्हता. दुसऱ्याचं बिघडलेलं यंत्र उघडल्याशिवाय ज्यांनी कधी निदान केलं नाही, त्यांनी भावाचं मात्र न उघडताच केलं होतं.

गोणपाट सोडलं. धूळ झटकली. दोन्ही डबे शेजारी ठेवल्यावर वरून खरोखर जुळे वाटत होते, तोच निळा रंग, तशीच चकती, तसेच आकडे. ईश्वरप्पांनी धुळाजीचा डबा उचलला, मग योगीचा उचलला, आणि पुन्हा धुळाजीचा उचलून बघितला. एक रिकाम्या डब्यासारखा हलका होता, दुसरा हातात वजन देत होता. त्यांनी स्क्रू काढले. धुळाजीच्या डब्यात ट्रान्सफॉर्मर लहानसा होता, त्याचं वेटोळं ॲल्युमिनियमच्या तारेचं. योगीच्या डब्यात तांब्याचं, घट्ट, एकावर एक नीट गुंडाळलेलं. धुळाजीच्या आयर्नची वायर कडक होती आणि तापलेलं टोक चुकून लागलं तर वितळायची. योगीच्या वायरीला त्यांनी मुद्दाम तापलेलं टोक लावून बघितलं, तिच्यावर डागही उठला नाही. नकलीच्या आयर्नमध्ये उष्णता मोजणारा भागच नव्हता, त्यामुळे चकती कुठेही फिरवा, ते आपल्या मनानं तापायचं. योगीच्या आयर्नमध्ये तो होता, तांदळाएवढा, जिथल्या तिथे बसवलेला.

ईश्वरप्पा बोलायचे थांबले. धुळाजी चहाचा दुसरा कप पीत आपला बोलतच होता.

शेवटी राहिली एक हिरवी तार. धुळाजीच्या डब्यात ती आयर्नच्या टोकापासून निघून डब्यात येत होती आणि कशालाच न जोडता लोंबकळत होती. योगीच्या डब्यात तीच तार टोकापासून निघाली, डब्याच्या लोखंडाला पक्की जोडली गेली, तिथून मोठ्या वायरीत शिरली आणि प्लगपर्यंत गेली. ईश्वरप्पांनी तिच्यावर बोट ठेवून तिचा माग काढला. टोकावर रेंगाळणारा करंट जमिनीत सोडून द्यायचा, आयसीला लागू द्यायचा नाही, एवढ्याचसाठी ती तार होती. बोट प्लगवर आलं आणि तिसऱ्या पिनेच्या जागी, पितळेच्या एका काळवंडलेल्या खुंटावर, थांबलं. खुंटावर ब्लेडच्या रेघा अजून दिसत होत्या.

धुळाजीनं वाकून बघितलं. “अण्णा, तुमच्यावालं तर ओरिजनल हाय की,” तो म्हणाला. “पिन कुणी कापली पन?”

“मी,” ईश्वरप्पा म्हणाले.

धुळाजी गेला तरी ते तसेच बसून राहिले. योगी त्या दिवशी प्लग हातात धरून काय बघत होता ते आता त्यांना दिसत होतं. त्याला तिथल्या तिथे कळलं होतं. प्लग वर धरून ‘अण्णा, ही पिन कुठाय?’ एवढं विचारायचाच अवकाश होता. थोरल्याचं हसं झालं असतं, बंकटशेठनं ते गावभर केलं असतं, आणि योगी सुटला असता. त्यानं प्लग खाली ठेवला होता.

ईश्वरप्पांना रडू आलं. दुकानात कुणी नव्हतं, म्हणून येऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी ते उठले ते एकच ठरवून. आपण चार माणसांत भावाला खोटं ठरवलं, तर चार माणसांतच त्याला खरं ठरवायचं आणि मगच बीडला जायचं. नुसतं जाऊन त्याच्या कानात सांगणं म्हणजे चोरून परतफेड. पण चार माणसं आणायची कुठून? आप्पाराव मागच्याच साली वारले होते. त्या दिवशीच्या रिकामटेकड्यांपैकी एक पुण्याला कंपनीत गेला होता, बाकीचे कोण होते हेच आठवेना. उरला बंकटशेठ. तो बूथमध्ये बसून पेपर वाचत होता. ईश्वरप्पा त्याच्यासमोर उभे राहिले आणि एका दमात सगळं सांगितलं, तुझं मीटर माझ्या हातानं मेलं, योगीनं आणलेलं मशीन अस्सल होतं.

बंकटशेठनं पेपर खाली केला. “कोन्तं मशीन बे?” तो म्हणाला.

ईश्वरप्पांनी पुन्हा सांगितलं. बंकटशेठनं डोकं खाजवलं, बराच प्रयत्न केला. मीटर एकदा बिघडलं होतं खरं, पण ते कुणाकडे नेलं होतं ते काही ध्यानात येईना. योगी बीडला धंदा वाढवायला गेला असंच त्याला इतके दिवस वाटत होतं. आणि ईश्वरप्पा ती गोष्ट सांगायला लागले की गिऱ्हाइकं हुं हुं करत आपल्या रेडिओकडे बघत बसतात, हेही त्यानं हसत हसत सांगून टाकलं. त्यानं बसायला खुर्ची पुढे केली. ईश्वरप्पा बसले नाहीत.

बीडच्या बसमध्ये त्यांनी गोणपाटातलं स्टेशन मांडीवर घेतलं. मांजरसुंब्याचा घाट आला तशी बस गचके खायला लागली, आणि त्यांनी दोन्ही हातांनी डबा पोटाशी धरला. योगीनं मुंबईहून असाच धरून आणला होता.

दुकान अरुंद होतं, पण स्वच्छ होतं. योगीचे केस कानाजवळ पांढरे झाले होते. थोरल्याला बघून तो उठून उभा राहिला, वाकून पाया पडला आणि स्टूल पुसून दिलं. ईश्वरप्पांनी गोणपाट सोडलं, वायरीचं टोक ओढून काढलं आणि कापलेल्या पिनेचा प्लग त्याच्या टेबलावर ठेवला. बसमध्ये जुळवलेलं सगळं बोलणं कुठल्या कुठे गेलं.

“तवाच कावून न्हाई सांगितलंस?”

योगीनं प्लगकडे बघितलं. “चार मानसं बसली व्हती, अण्णा.”

चहा आला, गेला. मग योगीनं, इकडेतिकडे बघत, खूप दिवस मनात ठेवलेलं विचारावं तसं विचारलं. “चौसाळ्यात आजून इशय निगतो का? लोक काय म्हन्तेत? त्याच्यानंच मी तिकडं आलो न्हाई. बस थांबली तरी खाली उतरायचं धाडस व्हईना.”

खोटं बोलायला ईश्वरप्पांची जीभ वळली नाही. “कुनाच्या ध्यानात बी न्हाई,” ते म्हणाले. “बंकट म्हनला, कोन्तं मशीन.”

योगी आधी हसला. हसता हसता त्याचा चेहरा बदलला. “मंजी आपल्या दोघांच्याच ध्यानात व्हतं,” तो म्हणाला.

त्यानं ड्रॉवर उघडून तीन पिनांचा नवा प्लग काढला, जुना कापून टाकला आणि हिरवी तार जाड पिनेच्या स्क्रूखाली घट्ट आवळली. त्याच्या दुकानात अर्थिंग होतं. मागच्या बाजूला खड्डा खणून, कोळसा-मीठ घालून, त्यात तांब्याची पट्टी पुरून घेतलेलं. त्या खड्ड्यात रोज बादलीभर पाणी ओतायचं काम वर्षाराणीकडे होतं. स्टेशन तापलं. ईश्वरप्पांनी खिशातून टेस्टर काढला. तोच जुना टेस्टर होता. दोघांनी डोकी जवळ आणली आणि टोकाला टेस्टर टेकवून बघितला. दिवा पेटला नाही.

वर्षाराणीनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. शिवानी आता कॉलेजात होती. तिनं काकांना ओळखलं, पण बुजून दारातच उभी राहिली. ईश्वरप्पांना ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं. गेलेली वर्षं काही नव्या प्लगनं परत येत नाहीत.

निघताना योगीनं स्टेशन पुन्हा गोणपाटात बांधलं. आता आधी दुकानात अर्थिंग करून घ्या, असं त्यानं सांगितलं. वेळ लागत नाही, मी येऊन एका दिवसात करून देतो, म्हणाला.

ईश्वरप्पांनी गोणपाटाची गाठ सोडली आणि डबा उचलून परत योगीच्या टेबलावर ठेवला. “हितंच ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “आपल्या दुकानामागं समदा खडक हाय. खड्डा व्हनार न्हाई. नाजूक काम आलं की मीच हिकडं घिऊन येत जाईन.”

योगी त्यांच्याकडे बघत राहिला. त्या परसातली माती त्यानं स्वतः खणली होती.

“बरं, अण्णा,” तो म्हणाला. “खडक आसंल.” मग त्यानं टेबलाच्या समोरच्या बाजूला पडलेली खोकी उचलून खाली ठेवली आणि तिथली धूळ हातानं पुसली.